नर्मदेची मगर

गोहलपुर, जबलपूर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय चिनू,

ठरल्याप्रमाणे हे पत्र. फोनवर आपण दुसऱ्याच वाक्याला हिंदीत घसरतो, आणि तुझ्या आईने मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शनिवारी शनिवारी आपल्याकडून घोटून घेतलेली मराठी अक्षरं तशीच पडून राहतात. तू पुण्यात नाटक शिकते आहेस, तुझी मराठी आता शुद्ध होईल. माझी निदान बुजू नये.

बातमी ही की, तू आजोबांकडे माझं नाव काढलंस त्याचा परिणाम झाला. तुझ्या आजोबांनी, म्हणजे आमच्या भय्यासाहेबांनी, मला बोलावून घेतलं. नर्मदा जयंतीच्या नाटकात या वर्षी नर्मदा मगरीवर उभी राहून येणार, आणि ती मगर मी करायची. गेल्या वेळची थर्माकोलची मगर तुला आठवत असेल. तिचं शेपूट पडद्यात राहिलं आणि बाकीची मगर पुढे गेली.

भय्यासाहेब म्हणाले, "तू इंजिनीयर ना? मग आमची मगर चालवून दाखव."

मी म्हटलं, "चालेल, तोंड उघडेल आणि शेपूटही हलवेल."

"कुणाला खाणार तर नाही ना?"

सगळे हसले. मीही हसले. दीक्षितपुऱ्यातल्या त्या हॉलमध्ये मी आजवर फक्त सतरंज्या घातल्या होत्या आणि वर्गात मागे बसले होते. पहिल्यांदाच कुणी मला समोर खुर्ची दिली.

घरी बाबांना सांगितलं तर ते ग्रिल घासता घासता थांबले. "तिच्यावर बाई उभी राहणार? मंग ते मगर नाही, पोरी. ते गाडी आहे. लायसन लागन तिले."

पण दुसऱ्याच दिवशी शटरचं काम बाजूला सारून त्यांनी लोखंड काढलं. आईने माझ्या डिग्रीचा फोटो आमच्या वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरच्या वर टांगला आहे. तो काळा पडत चालला होता. बाबांनी तो पुसला. चिनू, डिग्री मिळाल्यावर हे माझं पहिलं खरं यंत्र आहे, आणि ते एखाद्या कारखान्याचं नाही, आपल्या माणसांच्या नाटकाचं आहे. रंगमंचावर उभा राहणारा आणि विंगेत दोर ओढणारा, दोघं मिळूनच नाटक होतं, असं तूच म्हणतेस ना? मला ते मनापासून पटतं.

तुझी,
हर्षा


पुणे
२ डिसेंबर २०२४

प्रिय हर्षा,

तुझं पत्र वर्गात वाचून दाखवलं! सगळ्यांना फार आवडलं. आमचे सर म्हणाले, अशी माणसं आहेत म्हणून हौशी रंगभूमी जिवंत आहे. इथे आम्ही प्रतीकात्मक नेपथ्यावर बोलत असतो, एक काठी म्हणजे जंगल, एक ओढणी म्हणजे नदी, आणि तिकडे तू खरीखुरी मगर जोडते आहेस. हेवा वाटतो.

आजोबांच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस. ते सगळ्यांशी तसंच बोलतात. तू आमच्या घरातलीच आहेस, म्हणून चेष्टा करतात. आणि मगरीवर क्षमाकाकू उभी राहणार हे ऐकून मी पोट धरून हसले. घरात स्टुलावर चढायलाही तिला माणूस लागतं.

कुणी काही बोललं तर मला कळव. मी आहे.

तुझीच,
चिन्मयी


गोहलपुर
५ जानेवारी २०२५

प्रिय चिनू,

मगर उभी राहिली! खरं तर आडवी. कुंडम गावाहून आणलेल्या बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर आईने लाकडाच्या भुशाची खळ थापून केलेले खवले. जबडा सायकलच्या ब्रेकच्या तारेने उघडतो. शेपटीला एका भंगार ट्रकच्या वायपरची मोटर लावली आहे, त्यामुळे ती डावीकडे उजवीकडे अशी हलते की आमच्या गल्लीतल्या कुत्र्याने दोन दिवस दुकानासमोरून जाणं सोडलं.

चालते ती अशी. रंगमंचावर आडवे दोन लोखंडी रूळ टाकायचे, पन्हळासारखे खोलगट. मगरीच्या पोटाखालची चाकं त्या खोलगट भागात धावतात. विंगेत हाताने फिरवायचा रहाट आहे, त्याचा दोर मगरीला ओढतो. पाठीवर उभं राहायला फळी आणि धरायला एक दांडा. दांड्याचं वेल्डिंग बाबांनी केलं. क्षमाकाकू तालमीत पहिल्यांदा चढल्या तेव्हा म्हणाल्या, "गणपत, हे हलतंय का?"

बाबा म्हणाले, "ताई, मगर आहे ना जी, थोडी तर हलन."

मग त्यांनी आईला फळीवर उभं केलं आणि रहाट फिरवला. आई पदर खोचून थेट दुसऱ्या विंगेत पोचली आणि म्हणाली, "पुन्हा एकदा." त्यानंतर क्षमाकाकू घाबरल्या नाहीत.

एक काम आहे. कार्यक्रमाचं पत्रक छापायला जातंय. मला त्यात 'मगर : गणपत ढोमणे आणि हर्षा ढोमणे' एवढं हवं आहे. अनुपमला सांगितलं तर म्हणाला, "नेपथ्याचं आपण एकत्रच देतो, दीदी." तो तुझा चुलतभाऊ, मी जास्त बोलले नाही. बाबा तर म्हणतात, "काहून मागून राहिली? देतील तर देतील." पण मी पाहिलंय, ते हॉलच्या भिंतीवरची जुन्या वर्षांची पत्रकं उभं राहून वाचतात. आमच्या घरातलं नाव लग्नपत्रिकेशिवाय कुठे छापलेलं नाही. तू आजोबांशी बोलशील?

तुझी,
हर्षा


पुणे
१७ जानेवारी २०२५

प्रिय हर्षा,

घाईत लिहिते आहे. आजोबांशी बोलले. 'बघू' म्हणाले, आणि त्यांचं 'बघू' म्हणजे होच असतं. तुझ्या बाबांना पहिल्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगितली आहे, नावाच्या चिठ्ठीसकट. खूश?

मी नाटकाला येते आहे. पूजेपासून सगळं फोनवर टिपणार आहे, इथे वर्गात दाखवायला. भेटू, तुझ्या मगरीच्या पोटात!

चिन्मयी


गोहलपुर
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय चिन्मयी,

तू न भेटता गेलीस. गाडी सकाळची होती, कळलं. दवाखान्यातल्या धावपळीत तुला वेळ मिळाला नसेल, असं मी धरून चालले आहे.

क्षमाकाकूंच्या मनगटाला प्लास्टर आहे. मी बघायला गेले तेव्हा त्या चांगल्या बोलल्या. बाकीचे बोलले नाहीत.

तू समोर बसली होतीस, तुला दिसलं ते एवढंच : मगर आली, अर्ध्या रंगमंचावर अचानक थबकली, क्षमाकाकू पुढे फेकल्या गेल्या, आणि दांडा त्यांच्या हातात तुटून आला. सगळ्या हॉलने तो दांडा पाहिला. वेल्डिंग सुटलं हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण ते धक्क्याने सुटलं. मगर थबकली नसती तर सुटलं नसतं. मला विचारायचं हे आहे की मगर थबकली का.

घंटेच्या आधी दोन्ही रूळ मी स्वतः पुसले होते. मग भय्यासाहेब आले आणि म्हणाले, "चला, नेपथ्यवाल्यांनी जरा खाली जावं, पूजा आहे. सभासदांनी वर यावं." मी खाली गेले. बाबा तर आधीच आपल्या खुर्चीवर जाऊन बसले होते, पायघड्यांवर पाय लागू नये म्हणून आखडून.

दुसऱ्या दिवशी रूळ उचलायला फक्त मी आणि बाबा होतो. पुढच्या चाकाखाली, खोलगट भागात, नारळाच्या करवंटीचा तुकडा रुतलेला होता. त्याला शेंड्या होत्या आणि कुंकू होतं. रुळाच्या कडेला लोखंड चमकत होतं, काहीतरी आपटल्यासारखं. रंगमंचावर दगड नव्हता ना? मग नारळ कशावर फोडला, चिनू? लोखंडच हाताशी होतं.

मी तुकडा बाबांना दाखवला. त्यांनी तो हातात फिरवला आणि परत दिला. म्हणाले, "राहू दे बाई. बापाच्या मनाले बरं वाटावं म्हून काहीबी नको जोडू. ते शिकलेली माणसं आहेत, यंत्रावर नारळ काहून फोडतील?"

त्याच संध्याकाळी ते नवा शर्ट घालून, पेढे घेऊन तुमच्या घरी गेले. मी नको म्हणत असताना गेले. तुमच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, हात जोडून म्हणाले की चूक माझ्या हाताची आहे. भय्यासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होतं असं, गणपत. झेपेल तेवढंच घ्यावं." पेढे ठेवून घेतले.

हे मला आईने सांगितलं. बाबांनी फक्त एवढंच सांगितलं की चहा चांगला होता.

आणि आता ते खरंच मानतात. शटरचा प्रत्येक सांधा हातोडीने ठोकून बघतात, दोन दोनदा. काल एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "भैया, सुना आपका मगरमच्छ बैठ गया?" त्यावर बाबा म्हणाले, "हां जी, हमारी गलती थी."

खुर्चीवरची 'राखीव : श्री. गणपत ढोमणे' ही चिठ्ठी त्यांनी नाटकाच्या दिवशी घडी घालून खिशात आणली होती आणि कपाटाच्या दारावर चिकटवली होती. आता तिथे फक्त डिंकाचा डाग आहे. पत्रकाचं काय ते तू पाहिलंसच. 'विशेष साहाय्य : कु. हर्षा.' ते असो.

तुझ्या फोनमध्ये पूजा आहे. तू भय्यासाहेबांच्या शेजारी उभी राहून टिपत होतीस, मी खालून बघत होते. मला तो व्हिडिओ पाठव. मी तो कुणालाही दाखवणार नाही, फक्त बाबांना.

हर्षा


पुणे
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय हर्षा,

तुझं पत्र वाचून झोप लागली नाही. तुला किती लागलं असेल, मी समजू शकते. पत्रकावर नाव नीट आलं नाही याचंही वाईट वाटतंय. पुढच्या वेळी मी स्वतः लक्ष घालीन.

व्हिडिओ शोधते. फोन भरला होता, बरंचसं लॅपटॉपवर टाकलं आहे, आणि इथे परीक्षेचा प्रयोग चालू आहे. पण तुला एक विचारू? ते मिळून काय होणार? आजोबा ऐंशीचे आहेत. गेली कित्येक वर्षं पहिला नारळ तेच फोडतात. उद्या त्यांना कळलं की त्यांच्या नारळाने त्यांच्याच सुनेचा हात मोडला, तर त्यांचं काय होईल? आणि पूजेला दोष द्यायचा तरी कसा? मुद्दाम थोडंच कुणी केलं?

तुझ्या बाबांनी इतक्या मोठ्या मनाने माफी मागितली, तिचं घरात सगळ्यांना कौतुक आहे. आजोबा आल्यागेल्याला सांगतात, माणूस असावा तर गणपतसारखा. ते मोठेपण तू आता एका तुकड्यासाठी लहान करू नकोस. तुझ्यासारख्या मनाच्या मुलीला सूड शोभत नाही.

आणि एक छान बातमी. नागपूरच्या महोत्सवाने प्रयोगाला बोलावलं आहे, मगरीसकट! तुझ्याच मगरीमुळे ना?

तुझीच,
चिन्मयी


गोहलपुर
४ मार्च २०२५

चिन्मयी,

सूड कुठून आला? तुझ्या आजोबांनी माफी मागावी असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पत्र पुन्हा वाच. मला त्यांची माफी नको आहे. मला बाबांची माफी परत पाहिजे. त्यांनी जे केलं नाही त्यासाठी दिलेली ती वस्तू तुमच्या बैठकीत पडून आहे, आणि तिचं कौतुक चाललं आहे.

तू लिहितेस, भय्यासाहेबांना कळलं तर त्यांचं काय होईल. बाबांचं काय झालं ते मी तुला लिहिलं होतं. त्यावर तुझ्या पत्रात एक ओळ नाही.

ते आता वेल्डिंगला हात लावत नाहीत. ते काम शेजारच्या दुकानात पाठवतात आणि स्वतः फक्त रंग देतात. मी उलगडून सांगितलं, कागदावर आकृती काढून सांगितलं, की धावती गाडी अचानक थांबली तर दांड्यावर किती जोर येतो. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "तू शिकलेली, तुले बोलता येते." मी शिकले म्हणून माझं खरं त्यांना वकिलीसारखं वाटतं. आणि भय्यासाहेब शिकलेले म्हणून ते चुकूच शकत नाहीत. एकाच घरात शिक्षणाचा असा उपयोग होईल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

डोळ्यांनी पाहिलं तर ते मानतील. तेवढ्यासाठी मागते आहे.

हर्षा


पुणे
२० मार्च २०२५

प्रिय हर्षा,

उशीर झाला, क्षमा कर. तो व्हिडिओ आता नाही. जागा करताना गेला. त्यात तसं स्पष्ट काही नव्हतंही, नारळ दिसतो, खाली कशावर फोडला ते लोकांच्या पायांत झाकलं जातं. फक्त आवाज येतो, आणि आवाजाचं काय, कशाचाही असू शकतो. आता हा विषय आपण दोघींनी संपवूया. मैत्री जास्त मोठी आहे.

मी घरी आले होते होळीला. तुला भेटायचं होतं, पण पाहुणे होते.

एका कामासाठी लिहिते आहे. नागपूरचा प्रयोग बारा एप्रिलला आहे. दांडा अनुपमने दुसरीकडून पक्का करून घेतला, पण मगर कुणाला नीट चालवताच येत नाही. रहाट फिरवला की ती हिसके देते, मधेच तिरकी होते, आणि तोंड उघडतं ते मिटत नाही. काकूच्या मनगटाला अजून पट्टा आहे, तरी ती हट्टाने तीच भूमिका करते आहे. सगळ्यांना काळजी वाटते. तू येऊन जोडून दिली असतीस तर उत्तमच झालं असतं, पण बसमध्ये सभासदांपुरतीच जागा आहे, आणि आता तुझं येणं जरा अवघडही होईल. म्हणून नीट लिहून पाठवशील का? पत्रक मी पाहिलं, या वेळी 'मगर : मंडळाची निर्मिती' असं घातलंय, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.

आजोबा म्हणाले, पोरगी मनाने चांगली आहे, सांगेल.

तुझीच,
चिन्मयी


गोहलपुर
२८ मार्च २०२५

चिन्मयी,

भय्यासाहेबांना सांग, सांगते आहे. मगरीवर माणूस उभं राहणार आहे, म्हणून.

ती हिसके देते, कारण दोर रहाटावर एकावर एक गुंडाळला जात असणार. फेरे शेजारी शेजारी बसले पाहिजेत. अनुपमने फिरवताना डाव्या हाताने दोर सरकवत राहावं, हातमोजा घालून. ती तिरकी होते, कारण रूळ समांतर नाहीत. दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशा तीन ठिकाणी एकच काठी ठेवून अंतर जुळवा. पट्टीने मोजू नका, काठीच ठेवा. नागपूरचा रंगमंच उताराचा असेल तर खालच्या बाजूला पाचर द्या. तोंड मिटत नाही, कारण ब्रेकची तार गंजली असेल. ती बदला, तेल लावू नका, तेलावर गोणपाटाची धूळ बसते. वायपरची मोटर प्रवेशाआधी सुरू करू नका, तिचा आवाज पहिल्या रांगेत जातो.

मगर सुरू होताना आणि थांबताना रहाट हळू. सगळा जोर दांड्यावर येतो तो त्या दोन क्षणांत. क्षमाकाकूंनी दांडा पट्टा असलेल्या हाताने धरू नये.

आता शेवटचं, आणि हे अनुपमचं काम नाही, तुझं आहे.

पूजा रुळांपासून लांब करा. नारळ फोडायला एक दगड आणून ठेव, नागपूरला दगड मिळतात. तरीही पूजा झाल्यावर, पडदा उघडण्याआधी, दोन्ही रुळांच्या आतून हात फिरव. फडकं नको, फडक्याखाली कळत नाही. नुसतं बोट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. क्षमाकाकू फळीवर चढायच्या आधी.

बाबांनी परवा मला विचारलं, नागपूरला मगर जाऊन राहिली का? हो म्हटलं. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या हातचं वेल्डिंग आहे ना आता? मंग चांगलं झालं. आता नाही तुटणार."

सोबत पुडीत करवंटीचा तो तुकडा आहे. कुंकू अजून गेलेलं नाही. माझ्याजवळ दुसरा पुरावा नव्हता, तरी पाठवते आहे, कारण रुळात काय शोधायचं ते तुझ्या बोटाला आधी माहीत असायला हवं. डोळे मिटून एकदा हातात घे. एवढाच असतो तो. एवढा पुरतो.

हर्षा गणपत ढोमणे